दोन व्होल्टची खूण

"हा हरला, तर मी सोल्डरिंग कायमचं सोडलं म्हणून समजा," बाबांनी जाहीर केलं आणि आपला नवा अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर ठेवला.

"लिहून दे," आत्या म्हणाली.

"लिहून कशाला? तू आहेस ना साक्षीला."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने हळूच मान हलवली. म्हणजे बाबा नुसतं बोलत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. एका बैठकीत अख्खा बोर्ड पुरा करणारा माणूस आता डाव्या हाताने उजवं मनगट धरून सोल्डरचे दिवसाला चार-पाच डाग देत होता. या अ‍ॅम्प्लिफायरला आठ महिने लागले. ट्रान्झिस्टरच्या जोड्या जुळवायला त्यांनी चाळीस नग मोजले, त्यातले सहा थरथरीत तोडले, आणि प्रत्येक वेळी खापर ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांवर फोडलं.

मुलगी हे सगळं त्यांच्याचकडून शिकली होती. दर वर्षी एका रविवारी सकाळी बाप-लेकीची लढत व्हायची, आणि गेली दोन वर्षं लेकच जिंकत होती. उद्या तिचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान उघडणार होतं. तिचा अ‍ॅम्प्लिफायर शेजारीच होता. एकेक तार अशी वळवलेली, की बघत राहावं.

परीक्षक आत्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढलेली, आणि सख्ख्या भावाचीही भीड न ठेवणारी. आई पडद्यामागे बसून बटण फिरवणार होती. कोणाचा अ‍ॅम्प्लिफायर आधी आणि कोणाचा नंतर, हे प्रत्येक फेरीत तिच्या मर्जीवर. फेऱ्या दहा.

त्याआधी आवाज सारखा करणं आलं. कानाचा एक खोडसाळपणा दोघांनाही पाठ होता. दोनातला एक अ‍ॅम्प्लिफायर किंचित मोठा वाजला, तर ऐकणाऱ्याला तो मोठा आहे हे कळतच नाही, तो चांगला आहे असं वाटतं. म्हणून एक सरळ सूर लावायचा, स्पीकरच्या तारांना मीटर जोडायचा आणि ज्याने त्याने आपला आवाज बरोबर दोन व्होल्टच्या खुणेवर आणून ठेवायचा. एक जण लावत असताना दुसऱ्याने खोलीबाहेर जायचं, दुसऱ्याचं मोजायचं नाही. "घरातल्या घरात पोलीस नकोत," असं बाबा म्हणत.

आधी बाबा आत गेले. मुलगी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आतला सूर चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. एरवी या कामाला त्यांना अर्धं मिनिट लागायचं. आज पाच मिनिटं झाली. आवाजाचा स्क्रू फिरवायला हात साथ देत नसणार, असं तिच्या मनात आलं.

"झालं! या, पुढच्या वर्षीच्या उमेदवार!" बाबांनी दार उघडलं.

तिने मीटर जोडला. काटा दोन व्होल्टवर आला. तिची नजर बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याकडे गेली. जाळीतून आतले डाग दिसत होते, काही वाकडे, काही दोनदा दिलेले. बाबांशिवाय त्या टेबलाची तिला कल्पनाच करवेना. तिने आपला स्क्रू केसभर मागे फिरवला. एक पॉइंट नऊ. आत्याचं सारं आयुष्य कानावर गेलं असलं, तरी तिला हे कळणार नव्हतं. तिला फक्त बाबांचा जास्त आवडणार होता.

तिला स्वतःची लाज वाटली, पण स्क्रू तिने पुन्हा पुढे नेला नाही.

पियानोचा एक तुकडा दोनदा वाजला. आत्याने डोळे मिटून ऐकला.

"दुसरा."

"का गं?" बाबांना राहवलं नाही.

"नंबर विचार. कारण विचारायचं नाही."

पुढची फेरी पुन्हा दुसरा. मग पहिला. मग पहिला. आई कागदावर रेघा ओढत होती. पाचव्या फेरीनंतर बाबा खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. हाताची थरथर दिसू नये म्हणून त्यांनी तो खिशात घातला होता. मुलीच्या मनात आलं, एवढं करूनही हे हरले तर?

दहावी फेरी संपली. आईने पडदा सारला. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"दहापैकी आठ. यांचा."

"आठ!" बाबांनी टेबलावर अशी थाप मारली की मीटर उडाला. "आठ! तायडे, तुझ्या कानांना सोन्याने मढवायला पाहिजे!"

"आधी चहा पाज," आत्या म्हणाली. "पण खरं सांगते, त्यात बोटं पियानोवर पडलेली कळत होती."

"ऐकलंस? बोटं पडलेली!" बाबा मुलीकडे वळले. "उद्या दुकानाच्या पाटीवर लिही, 'वडिलांकडून हरलेल्या' म्हणून!"

तिने तोंड पाडलं. नाटक बरं वठलं. बाबांनी तेवढ्यात कागद ओढून पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरचं चित्र काढायला घेतलं. रेघा नागमोडी येत होत्या, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. मोठा ट्रान्सफॉर्मर घालायचा, ट्रान्झिस्टरच्या चार जोड्या लावायच्या, आणि या वेळी साठ नग मोजायचे. दोन वर्षांत तिला ते असे बघायला मिळाले नव्हते. हरून इतका आनंद होतो, हे तिला आजवर माहीत नव्हतं. मनातलं गुपित मनातच ठेवायचं, असं तिने पक्कं ठरवलं.

चहा झाल्यावर ती कप गोळा करून स्वयंपाकघराकडे निघाली आणि दाराशीच थबकली. आत बाबा आईच्या कानाशी लागले होते. कुजबुजत होते म्हणे, पण आनंदाने त्यांचा आवाज आवरत नव्हता.

"पोरीला चुकूनही कळू देऊ नकोस हं. उद्या तिचं दुकान उघडतंय, बापाकडून हरून कशाला जायचं, म्हणून मी माझा मुद्दाम एक पॉइंट नऊवर ठेवला होता. तरी जिंकलो!"