घंटी आधी वाजली

शाळेच्या ऑफिसात मोहिनीचं काम सोपं होतं. एखाद्या आईचा फोन आला की संगणकावर मुलाचं नाव दाबायचं. विचारणा शाळेच्या बसकडे जायची. उत्तर येईपर्यंत ती दुसरी कामं उरकायची, आणि आलं की घंटी वाजायची. कोणती आई काळजीनं विचारते आणि कोणती शेजारणीला ऐकवायला, हे तिला नुसत्या ‘हॅलो’वरून कळायचं.

आज घंटी आधी वाजली. ‘प्रणव : उतरला.’ मग त्याच्या आईचा फोन आला.

असं तीनदा झालं, तेव्हा तिनं प्रोग्राम लिहिणाऱ्या धनंजयला बोलावलं. तो हसला.

“ताई, जवाब उशिरा येऊ शकते, पन विचारायच्या आधी कसा येईन? तुमचाच हात लागला असन.”

“हे पाह्य बाबू,” म्हणत मोहिनीनं दोन्ही हात मांडीखाली दाबले.

घंटी वाजली. ‘ओवी : उतरली नाही.’

ओवी तिची मुलगी. पवनारच्या थांब्यावर तिला घ्यायला तिचे बाबा उभे होते.

फोन वाजू लागला. त्यांचाच.

“उचला ना, ताई.”

“नाई. त्याईनं अजून विचारलं कुठं? विचारल्याबिगर जवाब खरा नाई होत.”

फोन थांबेना. धनंजयनं फोनकडे हात पुढे केला.