दगडाचे केस

बाळांनो, एक मोठं जहाज डोळ्यांसमोर आणा. तुमच्या शाळेहूनही उंच. आता ते म्हातारं झालंय, आणि किनाऱ्यावरच्या चिखलात ओढून आणून बसवलंय. माणसं त्याच्या पोटात शिरतात आणि त्याचं पोलाद कापून काढतात, म्हणजे ते पुन्हा कामाला येतं. आलं डोळ्यांसमोर? मग तिथून एक माणूस आत्ता घरी निघालाय, त्याच्या मागोमाग चला. सावकाश चला, तो फार दमलाय.

हा माणूस कटर, म्हणजे गॅसच्या ज्योतीनं पोलाद कापणारा. आज त्यानं काहीच कापलं नव्हतं. दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये बसून ऐकलं होतं, आणि अंग मात्र असं आंबून गेलं होतं की जणू सगळं जहाज एकट्यानं मोडलंय.

शिकवायला आलेल्या बाईंनी काचेच्या बंद बरणीतला एक पांढरा पुंजका दाखवला होता. जहाजातल्या गरम नळांभोवती तो गुंडाळलेला असतो.

"याला तुम्ही काय म्हणता?"

"कापूस," सगळे एका सुरात म्हणाले.

"कापूस नाही हा. दगड आहे. हे दगडाचे केस. श्वासाबरोबर छातीत गेले की तिथेच रुतून बसतात. आधी भिजवायचं, मगच हात लावायचा. कोरडा असेल तर हलवायचासुद्धा नाही."

"बाई, माझी सासू याच्याच उशीवर घोरते," मागून कोणीतरी म्हणालं. शेडभर हशा पिकला. बाई हसल्या नाहीत, आणि कटरही हसला नाही. घराचा पत्रा तापतो म्हणून त्यानं या कापसाचं एक पोतं कधीच घरी नेऊन ठेवलं होतं. छताला लावायचं काम आज-उद्या करत राहूनच गेलं. पोतं अजून कॉटखाली होतं, तोंड बांधलेलं.

गेल्या गेल्या आधी पोतं, असं घोकतच तो घरी पोचला.

दार ढकललं, तर समोर एक म्हातारा उभा. कमरेत वाकलेला, छत्रीवर रेललेला, आणि पोटापर्यंत लोंबणारी पांढरीशुभ्र दाढी.

"काय रे पोरा, कोणाकडे काम आहे?" म्हाताऱ्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

ती त्याची मुलगी होती. उद्या शाळेत नाटक होतं, आणि ती त्यात आजोबा होणार होती.

कॉटखालच्या पोत्याचं तोंड सुटलेलं होतं. दाढी हाताच्या अंतरावर होती. एका झटक्यात ओरबाडून काढावी म्हणून त्याचा हात उठलाही. मग तसाच खाली आला.

"ठमे," तो हळू म्हणाला, "आहेस तशी उभी राहा. बोलू नकोस."

"आजोबांना हुकूम सोडतोस होय रे कार्ट्या?"

"ठमे."

बाबांचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती छत्रीला धरून तशीच उभी राहिली.

त्यानं पंचा बादलीत बुडवला आणि न पिळताच आणला. "पाण्यात बुडी मारताना धरतेस ना, तसा श्वास धर. डोळे मीट."

ओला पंचा त्यानं दाढीवर अलगद ठेवला आणि वरून तांब्या ओतत राहिला. पाणी तिच्या फ्रॉकमधून खाली टपकायला लागलं. पिठाच्या खळीनं चिकटवलेली दाढी भिजून आपोआप सुटत आली. पंच्यासकट ती एका पिशवीत गेली, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. मग त्यानं ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं, केस पुसले, बोटं एकेक करून पुसली.

"घे आता श्वास."

तिनं श्वास घेतला. "शाळेतून आल्यापासून करत बसले होते मी. तुम्हाला नाही आवडली?"

तो तिच्यासमोर ओल्या जमिनीवरच बसला. "आवडली गं. मला खरंच वाटलं, कोण हे गृहस्थ. पण तो कापूस नाही. दगड आहे. त्याचे तुकडे इतके बारीक असतात की दिसत नाहीत, आणि एकदा छातीत गेले की बाहेर येत नाहीत."

"माझ्या छातीत गेले?"

जीव इतका शिणला होता की खोटं बोलणंच सोपं वाटत होतं.

"थोडे गेले असतील," तो म्हणाला. "माझ्या तर कितीतरी गेले. म्हणून आता आणखी जाऊ द्यायचे नाहीत."

"मग तुम्ही आणलंत कशाला?"

"माहीत नव्हतं. आज कळलं."

ती रडेल असं त्याला वाटलं, पण ती कसला तरी विचार करत होती.

"बाबा," ती म्हणाली, "नाटकात आजोबा दोन आहेत."

त्याच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. भिंतीचा आधार घेत तो उठेपर्यंत तिनं कोरडं फडकं बादलीत बुडवलंही होतं. ते तसंच गळतं घेऊन ती बाहेर पडली आणि शेजारचं दार वाजवू लागली. तो धापा टाकत तिच्या मागे पोचला.

दार मैत्रिणीनं उघडलं. हिला दाढीच्या जोडीला भरघोस मिशाही होत्या. नखशिखांत भिजलेली सोबतीण दारात बघून तिनं हसायला तोंड उघडलं.

"हसू नकोस," मुलगी म्हणाली. "श्वास धर."

आणि तिनं ओलं फडकं तिच्या दाढीवर अलगद ठेवलं.