दुपारी बंद पडणारं मशीन

मालकाच्या माणसानं, बाळासोनं, धुळाचं दुसरं बोट मोडलं, तेव्हा वाजिद कॉम्प्युटरच्या डब्याचा शेवटचा स्क्रू काढत होता. कट्कन आवाज आला आणि स्क्रू त्याच्या हातातून निसटून हळदीच्या पोत्यांमागं कुठंतरी गेला.

"मी बटनाला हात लावला न्हाई, मालक," धुळा कण्हला. कपाळावरचा भंडारा रक्तात मिसळून त्याच्या डोळ्यांत उतरत होता. "बिरोबाची आण."

खुर्चीतला भाऊसो वाजिदकडं बघत म्हणाला, "तू तुझं काम कर गड्या. त्याचं आमी बघतो."

सांगलीत हळदीचे व्यापारी ढिगानं आहेत, पण भाऊसोच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. आणि त्याच भाऊसोच्या सख्ख्या भावाला, नानासोला, याच गोदामात भरदुपारी कुणीतरी कोयत्यानं तोडलं होतं. जेवून पोत्यांवर आडवा झाला होता, तो तसाच राहिला. पोलीस आले, कॅमेरे बघितले. कॅमेरे जागच्या जागी होते, पण त्यांचं चित्रण साठवणारा कॉम्प्युटर नेमका तेव्हाच बंद होता. गोदामातल्या या खोलीची किल्ली राखणदाराकडं, म्हणजे धुळाकडं. यानंच मशीन बंद करून मारेकऱ्याला आत घेतलं, हे भाऊसोच्या डोक्यात पक्कं बसलं.

"हातानं बंद केलं असंल तर हा इथनं जित्ता जात न्हाई," भाऊसो म्हणाला. "आपसूक बंद पडलं असंल तर सोडतो. तू सांगायचंस. अन् खोटं बोललास तर तुझीबी गय न्हाई."

कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणारा माणूस वाजिद. कुणाला जगवायचं आणि कुणाला मारायचं, हे काय त्यानं ठरवायचं? त्यात धुळामामा ओळखीचा. गेल्या खंडेनवमीला या मशीनची दणक्यात पूजा झाली आणि लगेच ते बंद पडलं, तेव्हा साफ करायला वाजिदच आला होता. धुळामामा शेजारी बॅटरी धरून उभा, आणि हे काय, ते काय, असं एकेक विचारत होता. तेव्हा त्याची पोरगी जाऊन फार दिवस झाले नव्हते. गोदामामागच्या विहिरीत सापडली होती बिचारी. नानासोनं स्वतः पुढं होऊन, पोलिसांची कटकट मागं लागू न देता, त्याच संध्याकाळी तिची माती उरकून दिली. सगळा बाजार म्हणाला, मालक असावा तर असा.

वाजिदनं मशीन चालू केलं. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान आलं. बावन्न.

"थंडगार हाय की रं. कुठं तापतंय?" बाळासो म्हणाला आणि त्यानं धुळाच्या बरगडीत लाथ घातली.

"तो आकडा प्रोसेसरचा हाय," वाजिद घाईनं म्हणाला. "वीज पुरवणारा हा मागचा डबा, एसएमपीएस, त्याचा आकडा स्क्रीनवर येत न्हाई. तो भायेरनं मोजाय लागतो."

त्यानं तापमापकाची वायर एसएमपीएसच्या जाळीत सरकवली. आकडा पन्नासच्या वर चढला आणि तिथंच बसला. हलायला तयार नाही. बाळासोनं कोपऱ्यातला कोयता उचलला आणि अंगठ्यानं धार बघायला लागला. धुळा तोंडातलं रक्त थुंकायचंही विसरला होता.

"लय झालं," भाऊसो उठला.

"आवं थांबा," वाजिद म्हणाला. स्वतःचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "झाकण उघडं हाय, आत वारं लागतंय. रोज झाकण लावून चालतंय न्हवं? तसं बघू."

त्यानं झाकण लावलं. खोलीवर नुसता पत्रा, आणि वर वैशाखाचं ऊन. आकडा चढायला लागला. साठ. सत्तर. वाजिद मनातल्या मनात अल्लाला हाका मारत होता. ऐंशीच्या पुढं करपल्याचा वास सुटला आणि मशीन खट्कन बंद पडलं. कुणी हात लावला नव्हता.

त्यानं एसएमपीएस खोलला. पंख्याची पाती पिवळ्या लगद्यात रुतली होती, बोटानं ढकलली तरी फिरेनात.

"हळद," वाजिद म्हणाला. "गोदामात उडती ती सगळी आत साचली. दुपारी पत्रा तापला की हे तापणार अन् बंद पडणार. बटन दाबायची गरजच न्हाई."

"मी सांगितलं हुतं मालक," धुळा जमिनीवरून म्हणाला. "मशीन दुपारचं बंद पडतंय म्हणून."

सांगितलं होतं खरं. भाऊसोनंच 'बघू' म्हणून त्याला झटकलं होतं. त्यानं बाळासोच्या हातातला कोयता काढून घेऊन बाजूला फेकला.

"सोड त्याला. वाजिद, दवाखान्यात ने रं ह्याला."

वाजिदनं धुळाला गाडीवर मागं बसवलं. बाजार मागं पडला, कृष्णाकाठचा रस्ता लागला. एका गरिबाचा जीव वाचवला होता त्यानं. आज घरी गेल्यावर अम्मीला हे सांगायचंच, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडूच फुटायला लागलं.

"मामा, तुमी खरं बोलला म्हणून वाचला," तो म्हणाला.

"व्हय," धुळा म्हणाला. त्याचं डोकं वाजिदच्या पाठीला टेकलं होतं. "बटनाला म्या हात लावलाच न्हाई. खंडेनवमीला तुमीच म्हणाला हुता न्हवं, मशीनवर भंडारा उधळू नका, पंखा अडकतो, तापून बंद पडतंय म्हणून?"

वाजिदनं गाडी हळू केली.

"नानासो दुपारचा जेवून पोत्यावर झोपायचा. तवाच बंद पडाय पायजे हुतं," धुळा शांतपणे म्हणाला. "म्हणून उन्हाळ्याची वाट बघितली. अन् तवर रोज सकाळी पोरीच्या नावानं एक मूठ उधळली."