आता तुम्ही सांगा

"सर, रक्तपेढीत प्लेटलेट्स संपल्यात, हे तुम्हाला सकाळीच माहीत होतं?"

सिस्टर गावितनं अधीक्षकांना विचारलं. तिचा गाल अजून लाल होता. दिवसभर ती डेंग्यूच्या वॉर्डात 'प्लेटलेट्स येतील' असं सांगत राहिली, म्हणून एका पेशंटच्या भावानं तिला थोबाडीत मारली होती.

"गर्दीत कळवायचं राहून गेलं," अधीक्षक मान वर न करताच म्हणाले. "समजवा त्यांना. तुमचं कामच आहे ते."

तिनं केबिनचं दार सताड उघडलं. बाहेर तो भाऊ उभाच होता.

"हे आमचे साहेब. यांनाच विचारा."

तो हात उगारूनच आत आला. अधीक्षक खुर्चीमागे सरकले. गावित मध्ये जाऊन उभी राहिली.

"मारायचं नाही," ती त्याला म्हणाली. मग मागे न बघता अधीक्षकांना म्हणाली, "आता तुम्ही सांगा. मी इथंच उभी आहे."