विभूतीची वडी

सात रस्त्याच्या दवाखान्यात सिस्टरनं दाक्षायणीच्या कमरेला यंत्राचा पट्टा आवळला आणि गिळल्यावर पोटातलं चित्र दाखवणारी कॅमेऱ्याची गोळी तिच्या तळहातावर ठेवली. “रात्रीपासून पोटात काही गेलं नाही ना?” उत्तर सासूनंच दिलं, “पाण्याबिगर काय न्हाय. मी उशाशीच व्हते की.” दाक्षायणीनं गोळीवर मूठ मिटली. महिनोन्‌महिने अंगात रक्त ठरत नव्हतं, आणि देवघरातली विभूतीची वडी बघितली की तोंडाला पाणी सुटायचं. आज पहाटेही तिनं तुकडा मोडून चघळला होता. खरं बोलावं, तर सासू खोटी पडणार. गिळावं, तर आतली राख पडद्यावर दिसणार. तिनं गोळी ओठांशी नेली. तेवढ्यात सासूनं तिचा हात धरला, अंगठ्यानं तिच्या ओठाच्या कोपऱ्यातलं पांढरं पुसलं आणि ते स्वतःच्या कपाळाला लावलं. “आज ऱ्हाऊ द्या, सिस्टर. पोरीनं विभूती खाल्लीय.” मग हळूच सुनेला, “मीबी चोरूनच खायची.”