तानाबाईची चार लुगडी

पंचावन्न सालच्या भादव्यात भामा नदीला पूर आला आणि पलीकडचं गाव पाण्याखाली गेलं. तानाबाईची लेक सरू त्याच गावात दिलेली. तीन दिवस झाले तरी अलीकडे महाळुंग्यात तिचा काही सांगावा आला नव्हता, आणि होडीवाला मदतीच्या माणसांखेरीज कुणालाच पलीकडे नेत नव्हता.

चौथ्या दिवशी त्या गावासाठी कपडे मागत चाकणचे एक मास्तर दारात आले. ते दोनदा तिकडं जाऊन आले होते. सरूचं नाव तानाबाईच्या ओठांवर आलं, पण विचारायचा धीर होईना. ती आत गेली आणि अंगावरचं सोडून घरातली चारही लुगडी घेऊन आली.

“ह्ये हिरवं कोरं हाय, मास्तर. एखाद्या तरण्या पोरीला द्या,” ती म्हणाली. यातलं एक तरी सरूपर्यंत पोचेल, एवढीच तिला आशा होती.

मास्तरांनी चारही लुगडी उचलून परत तिच्या हातात ठेवली.

 

“धोतरं असली तर बघा, मावशी. बाजाराला गेलेली गडीमाणसंच तेवढी वाचलीत.”