एकाला दाखवलं की

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बेंडिगो गावच्या पबात दर गुरुवारी संध्याकाळी पोकरचे फुकट डाव रंगतात. पैसे लागत नाहीत, ग्लेनची बोलणी तेवढी खावी लागतात. पंच तोच, आणि "खेळ फुकटचा असला तरी शिस्त ती शिस्त" हे त्याचं पालुपद.

परवा नुकतीच यायला लागलेली ताहलिया डाव सोडून पानं टाकत होती. टाकता टाकता तिने ती शेजारच्या म्हाताऱ्या बेरिलला हळूच दाखवली. झालं! ग्लेनने टेबलावर थाप मारली.

"ए पोरी! एकाला दाखवलं की सगळ्यांना दाखवायचं. एकालाच गुपचूप दाखवणं म्हणजे बाकीच्यांशी लबाडी. उघड ती पानं!"

तिने उघडली. दुर्री आणि सत्ती, याहून भिकार पानं या खेळात नाहीत. सगळं टेबल खो खो हसलं. ताहलियाचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही.

"हा नियम सगळ्यांना लागू आहे ना, ग्लेन?"

"सगळ्यांना! मलासुद्धा," ग्लेन चिकन पार्मा या चीजवाल्या कटलेटचा घास चावत म्हणाला.



"मग बेरिल, चष्मा लाव," असं म्हणत ताहलियाने आपला मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला, आणि आपण नको नको म्हणत असताना ग्लेनने फक्त आपल्यालाच पाठवलेला त्याचा टॉवेलमधला फोटो सगळ्यांना दाखवला.